वाघ आधी कोणाला दिसणार?

माझे मामा वनरक्षक आहेत. गस्त पायी, एका हातात काठी, दुसऱ्यात मोबाईल. स्क्रीनसाठी मान खाली घातली की समोरचं जंगल गेलं! मोहफुलांच्या दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीत पहाटे माणूस आणि वाघ एकाच वाटेवर असतात. म्हणून मिनी प्रोजेक्टला मी एआर चष्मा निवडला. नकाशा डोळ्यासमोर, मान वर.

वाटतं सोपं. पण २ सेंटिमीटरवरचा स्क्रीन डोळ्याला फोकसच होत नाही. तो भिंगाच्या नाभीवर ठेवला तर किरण समांतर निघतात आणि चित्र दूर असल्यासारखं दिसतं. माझ्या भिंगाचं नाभीय अंतर १० सेंमी, म्हणून डबाही तेवढाच. त्यापुढे ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा. मोबाईलसकट वजन ४१० ग्रॅम!

मामांनी दुपारी घातला, नकाशा दिसेना. पहाटे घातला, नकाशा झकास पण जंगल दिसेना. म्हणाले, "हे लावून गेलो त मी वाघाले पाहाच्या आधी वाघच मले पाहीन."

हिशोब केला. भर उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड, म्हणजे पांढरा कागद २५ हजार निट्सच्या घरात. आरशातून निम्मा येतो, साडेबारा हजार. माझा मोबाईल ५०० निट्सचा, त्याचेही उरले २५०. म्हणजे ५० पट हार! पहाटे तर तोच आरसा मुळातच अपुरा उजेड निम्मा खातो.

(नाशिकच्या, सीओईपीत शिकलेल्या रमेश रासकरांनी चष्मा टाळून प्रोजेक्टरने वस्तूंवरच चित्र पाडण्यावर काम केलं. पण जंगलात प्रोजेक्टर टांगणार कुठे?)

यावर तोड म्हणजे वेव्हगाईड. नखाएवढा डिस्प्ले आणि चिमुकलं भिंग कानशिलापाशी. किरण पातळ काचेत तिरपे सोडायचे. ते क्रांतिक कोनापेक्षा जास्त तिरपे असले की पूर्ण आंतरिक परावर्तन होत, आपटत आपटत पुढे सरकतात. बारावीचंच फिजिक्स! डोळ्यासमोर बारीक जाळी किंवा अंशतः परावर्तक आरसे त्यांना थोडे थोडे बाहेर काढतात. काच पातळ राहते, बाहेरचा बहुतेक उजेड आरपार येतो. किंमत एवढीच, की डिस्प्लेचा बराचसा प्रकाश वाटेतच गळतो.

चित्र रुंद हवं तर काचेत जास्त कोनांचे किरण मावायला हवेत. १.५ अपवर्तनांकाच्या काचेचा क्रांतिक कोन ४२ अंश, सिलिकॉन कार्बाइडचा जेमतेम २३. म्हणून मेटाने २०२४ साली दाखवलेल्या ओरायन नमुन्यात तेच वापरलं. वजन ९८ ग्रॅम, दृश्यकोन सुमारे ७० अंश. २०१६ चा होलोलेन्स ५७९ ग्रॅमचा होता! पण सिलिकॉन कार्बाइड आपल्या खिशाबाहेरचं.

मी अॅक्रिलिकच्या पट्ट्या तिरप्या कापून, मध्ये आरशाची फिल्म चिकटवून पाहिली. चित्र दुहेरी आलं. पट्टीचे दोन पृष्ठभाग पुरेसे समांतर नसले तर प्रत्येक आपटीला चूक वाढत जाते, हे तेव्हा कळलं. आता घासून पॉलिश केलेली काच शोधतोय. मामांची अट ठरलेली आहे: नकाशा एका कोपऱ्यात, आणि वाघाकडची बाजू पूर्ण मोकळी.