नदीची रोजकीर्द

नदीचें पाणी पूर्वीपेक्षां निर्मळ झालें कीं बिघडलें, हा प्रश्न कांठावर उभें राहून सुटत नाहीं. पुराच्या दिवशीं भरलेल्या एका घागरीवरून वर्षभराच्या पाण्याची परीक्षा करणें म्हणजे सणाच्या पंक्तीवरून घरच्या रोजच्या जेवणाचा अंदाज बांधण्यासारखें आहे. नदीचा खरा वृत्तांत हवा असेल तर व्यापाऱ्याप्रमाणें तिची रोजकीर्द ठेवावी लागते; आणि कीर्दीवरून खतावणी करतांना एक रक्कम चुकली, तर पुढचा सारा ताळेबंद चुकतो.

अमेरिकेंतील मेरिलंड राज्यांत चॉपटँक नांवाची एक लहानशी नदी आहे. ती चेसापीक उपसागरास मिळते. ग्रीन्सबरो गांवाजवळ, ११३ चौरस मैलांच्या पाणलोटाच्या तोंडाशीं, अमेरिकेच्या भूविज्ञान पाहणी खात्याचें मोजणीचें ठाणें आहे व तेथें १९४८ पासून प्रवाह मोजला जात आहे. वरच्या शेतांतील खतांचें नायट्रेट नदीवाटे उपसागरांत उतरतें. त्यावर शेवाळ माजतें, तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपतो, आणि मासे व खेंकडे गुदमरतात. म्हणून २०१० सालीं उपसागरांत येणाऱ्या नत्र, स्फुरद व गाळ यांवर मर्यादा घालण्यांत आल्या. त्यांचा उपयोग होतो कीं नाहीं, याचा निवाडा आंकड्यांनींच व्हावयाचा आहे.

हे आंकडे दोन वह्यांत असतात. पहिली प्रवाहाची, तींत प्रत्येक दिवसाची नोंद हवी, एकही खाडा चालत नाहीं. दुसरी गुणवत्तेची, नमुना बाटलींत भरून प्रयोगशाळेकडे धाडावा लागत असल्यामुळें तींत नोंदी विरळ असतात. १ ऑक्टोबर १९७९ ते ३० सप्टेंबर २०११ या ३२ जलवर्षांत चॉपटँकच्या पहिल्या वहींत ११,६८८ दिवस आहेत, तर दुसरींत नायट्रेटचे नमुने सुमारें सहाशेंच. या दोन वह्यांची सांगड घालण्यासाठीं रॉबर्ट हर्श व लॉरा डी चिक्को या खात्यांतील शास्त्रज्ञांनीं 'आर' या संगणक-भाषेंत एक साधन रचलें. त्याचें नांव 'एग्रेट', म्हणजे बगळा. खात्याच्या भांडारांतून आंकडे थेट आणण्याची सोय त्याच्या जोडीला आहे.

परंतु आंकडे आणणें हें पाणी भरण्याइतकें सोपें नाहीं. या ठाण्याचा क्रमांक ०१४९१००० असा आहे. संगणकानें त्यास संख्या मानलें तर आरंभींचें शून्य गळतें, आणि त्या क्रमांकाचें ठाणें सांपडतच नाहीं; म्हणून तो अक्षरांप्रमाणें वाचावा लागतो. तारखेचेंही तसेंच. अमेरिकेंत महिना आधीं लिहितात, आपल्याकडे दिवस आधीं; ४/७ म्हणजे ४ जुलै कीं ७ एप्रिल? वर्ष, महिना, दिवस या क्रमानें लिहिल्यास संशय उरत नाहीं. प्रवाह मूळांत सेकंदास इतके घनफूट असा असतो, तो घनमीटरांत आणावयाचा असतो. विसर पडला तर उत्तर पस्तीसपटींनीं फुगतें. समजा, प्रवाह सेकंदास ४ घनमीटर आहे व लिटरमागें १.२ मिलिग्रॅम नायट्रेट आहे. या दोहोंच्या गुणाकारास ८६.४ नें गुणलें कीं दिवसाचा भार किलोग्रॅममध्यें मिळतो: सुमारें ४१५.

सर्वांत नाजूक नोंद मात्र '०.१ पेक्षां कमी' अशा स्वरूपाची असते. पदार्थ इतका अल्प कीं उपकरणास तो निश्चित मापतां येत नाहीं, एवढाच तिचा अर्थ. तेथें शून्य लिहिणें खोटें, आणि ०.१ लिहिणेंही खोटें. शिवाय उपकरणें सुधारलीं कीं ही मर्यादा खालीं येते. जुन्या नोंदींत सर्वत्र मर्यादेचाच आंकडा भरला, तर नदी न सुधारतांही सुधारलेली दिसेल. शून्य भरलें, तर उगाच बिघडलेली दिसेल. म्हणून 'एग्रेट' अशा नोंदीस खालची व वरची अशा दोन कडा देतें, आणि खरें मूल्य त्यांच्या दरम्यान आहे इतकेंच गृहीत धरतें.

वह्या अशा शुद्ध झाल्यावरच खरा हिशेब सुरू होतो. अतिवृष्टीच्या वर्षीं नायट्रेट अधिक वाहून जातें, तो दोष शेतकऱ्याचा नव्हे. अवर्षणांत तें कमी जातें, तें श्रेयही कोणाचें नव्हे. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या पद्धतीनें काळ, ऋतु व प्रवाह या तिहींचा विचार करून पावसाची ही लहर वजा करतां येते. चॉपटँकच्या बाबतींत ती वजा केल्यावर उत्तर कटु निघालें: त्या ३२ वर्षांत नायट्रेट वाढतच गेलें. जमिनींत मुरलेलें नायट्रेट भूजलाच्या मंद वाटेनें नदीस येऊन मिळण्यास अनेक वर्षें लागतात. तेव्हां आजच्या पाण्यांत कित्येक वर्षांपूर्वींच्या खताचा अंश असतो.

असा निष्कर्ष ऐकून कोणी शेतकऱ्यास दोष देईल, कोणी उपाय निष्फळ म्हणून सोडून देईल. त्याआधीं निष्कर्ष खरा कीं नोंदींच्या चुकीचा, हें सांगतां आलें पाहिजे. आणि तें गळलेल्या शून्यावर, उलटलेल्या तारखेवर व 'पेक्षां कमी' या दोन शब्दांवर अवलंबून असतें.