कातळाने आखून दिलेल्या वाटा

१० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम आपल्या काही स्नेह्यांना बरोबर घेऊन घोडागाड्यांतून बोरघाट उतरला. रस्ता अद्याप पुरता झालेला नव्हता. त्याच वर्षीच्या जानेवारीत सुरू झालेले काम कॅप्टन ह्यूज या अधिकाऱ्याने चाकाची गाडी घाटमाथ्यावरून कोकणात अखंड जाऊ शकेल इतपत पुढे नेले होते, आणि कारकीर्दीचे थोडेच दिवस उरलेल्या या गव्हर्नरास तेवढ्यावरच खासा गाडीत बसून उतरण्याची घाई झाली होती. या रस्त्याने कोकण आणि दख्खन यांच्यामधली भिंतच पाडली, अशा आशयाचा मजकूर त्याने पुढे लिहून ठेवला. मित्रमंडळींनी गाडीत बसून केवळ घाट उतरण्यासाठी घाट उतरावा, या हल्लीच्या अत्यंत लोकप्रिय व्यसनाचा कागदोपत्री पुरावा कोणी मागितला, तर मी हाच पुढे करीन.

तेच व्यसन आम्हां चौघांनाही आहे. आमच्यापैकी एक जण महाविद्यालयात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, दुसरा बँकेत आयुष्य काढलेला आणि म्हणून प्रत्येक टोलनाक्याची पावती जपून ठेवणारा, तिसरा मोटारीचा मालक व सारथी, आणि चौथा मी, ज्याच्याकडे जुन्या गॅझेटिअरचे खंड मांडीवर घेऊन मोठ्याने वाचण्याचे काम परंपरेने आलेले आहे. दसरा होऊन पाऊस मागे सरला, कड्यांवरचे धबधबे बारीक झाले आणि रस्त्यांवरच्या दरडी उपसून झाल्या की आम्ही निघतो. यंदा जुन्नरहून निघून नाणेघाट, बोरघाट, आंबेनळी आणि कुंभार्ली अशा क्रमाने, म्हणजे सह्याद्रीच्या धारेला शिवण घालावी तसे कधी वर तर कधी खाली करीत, दक्षिणेकडे सरकायचे, असा बेत ठरला. या बेताच्या मुळाशी प्राध्यापक महाशयांचा एक हट्ट होता. त्यांचे म्हणणे असे की, घाटरस्ते राजांनी, सेनापतींनी आणि इंजिनिअरांनी बांधले असे आपण समजतो. वस्तुतः रस्ता कोठून जाईल हे कातळाने फार पूर्वी ठरवून टाकलेले असते, आणि माणसाची सगळी कर्तबगारी तो निर्णय ओळखण्यात असते.

नाणेघाटात मोटार माथ्यापर्यंतच जाते, आणि ही गोष्ट मला त्या स्थळाच्या भाग्याची वाटते. घाटघरच्या पठारावर गाडी उभी करून त्या अरुंद खिंडीत उतरले म्हणजे दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या हमरस्त्यावर आपण पायी चालू लागतो. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरास आणि तेथून पैठण व तेर येथील पेठांस जात असे. कातळात कोरलेल्या लेण्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांची गणती आहे, आणि भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात त्या गणतीतील आकड्यांना फार मान आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या; आता त्यांची नावे आणि पावलांचे अवशेष तेवढे राहिले आहेत. खिंडीच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकली जात, ही परंपरागत समजूत ऐकून आमच्या बँकवाल्या मित्राने रांजणाच्या घेराचा अदमास घेतला आणि "अरे, एवढ्यात एका दिवसाचीही वसुली मावायची नाही," असा अभिप्राय दिला. समजूत खरी असो वा नसो, जकातीवाचून घाट नाही हे मात्र खरे. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे चार किल्ले या एका वाटेच्या आसपास उभे आहेत, ते काही देखावा पाहण्यासाठी बांधलेले नव्हेत. घाटवाटेच्या देखरेखीचा आणि वसुलीचा हक्क वंशपरंपरेने चालविणाऱ्या वतनदारांची आडनावे आजही पुण्याच्या गल्ल्यांत पाट्यांवर दिसतात.

खिंडीच्या तोंडाशी उभे राहून कोकणाकडे पाहिले की सह्याद्रीचा खरा आकार डोळ्यांत भरतो. देशाकडून येणाऱ्यास हा पर्वत वाटतच नाही. हलकी चढण, माळ, पठार, आणि मग एकाएकी पायांखालची भूमी संपते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील भेगांमधून लाव्हारसाचे लोटामागून लोट येऊन आजही सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश ज्याखाली आहे असे बेसाल्टचे थर साचले, आणि त्या थरांची पश्चिमेकडची कड नद्यांनी व पावसाने कुरतडत कुरतडत मागे लोटली, तीच ही धार. कठीण, घट्ट थर उभा तुटून कडा होतो. त्याच्यावरचा सच्छिद्र, ठिसूळ थर झिजून उतार होतो. आणि असे कडा-उतार एकावर एक येत गेले म्हणजे राक्षसी पायऱ्यांचा तो जिना तयार होतो, ज्याच्यामुळे सह्याद्री दुसऱ्या कोणत्याही पर्वतासारखा दिसत नाही. जुन्या वाटा या जिन्यातील भेगा शोधत. कातळ फाटून तयार झालेल्या नाळेतून चढायचे, उताराच्या पट्टीवरून आडवे जायचे आणि पुढची नाळ गाठायची, एवढेच त्यांचे शास्त्र होते. बैलाला ते पुरे होते. गाडीला पुरत नाही, आणि तोफेला तर मुळीच नाही.

बोरघाटाचा इतिहास या तोफेपासूनच सुरू होतो असे म्हटले तर ते अगदी बरोबर होणार नाही, कारण १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज उंबरखिंडीत कोंडली, ती खंडाळ्याच्या खालच्या याच मुलखात. तथापि वाटेचा रस्ता होऊ लागला तो १८०३-०४ च्या सुमारास, जनरल वेलस्लीला तोफा व रसद वर चढविण्याची गरज पडली तेव्हा. माल्कमच्या रस्त्याने घाट चाकांना मोकळा केला, आणि १८५६ ते १८६३ या काळात रेल्वे चढली. त्या कामाची हकिगत वाचताना माझा आवाज दर वेळी खाली येतो. पंचवीस बोगदे, काम भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर, आणि त्यांत पसरलेली पटकीची साथ. मुख्य ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि उरलेला ठेका त्याची विधवा पत्नी ॲलिस हिने पुरा करविला. मजुरांची नावे कोठेच नाहीत. लोकांनी आपल्यापरीने ती उणीव भरून काढली आहे. साहेबाला घाटाची वाट दाखविणारा धनगर शिंग्रोबा याचे देऊळ घाटात आहे, आणि मालमोटारींचे चालक आजही तेथे नाणे वाहून पुढे जातात. ही दंतकथा असेल. पण प्राध्यापकांच्या हट्टाला तिच्याइतका चांगला साक्षीदार मिळणार नाही, कारण कातळाने कोठे वाट ठेवली आहे हे ज्याला गुरे चारताना कळले तोच इंजिनिअरांचा गुरू ठरला, एवढेच ती सांगते.

२००२ मध्ये पुरा झालेल्या द्रुतगती मार्गाने या घाटाचे अंतर मिनिटांत आणून ठेवले आहे. माल्कमच्या रस्त्याच्या वेळचा दगडी पूल, ज्याला त्यावरील जाहिरातीमुळे पिढ्यान्‌पिढ्या अमृतांजन पूल म्हणत आल्या, तो एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीतील निर्मनुष्य रस्त्याची संधी साधून पाडण्यात आला. वाहतुकीची अडचण खरी होती. तरीही त्या ठिकाणी पोचल्यावर गाडीत कोणी बोलले नाही, आणि सारथ्याने नेहमीप्रमाणे गाणे लावले नाही.

या संपूर्ण प्रवासात मला सर्वांत अधिक मोलाचा वाटतो तो आंबेनळी घाट, पोलादपूर ते महाबळेश्वर. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. पण समुद्रसपाटीपासून फारशी उंच नसलेल्या सावित्रीच्या खोऱ्यातून निघून आपण जवळजवळ १,३७० मीटर उंचीवर जातो. भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या बेसाल्टचे जे गट पाडले आहेत, त्यांपैकी वरच्या भागातील तीन गटांची नावे खालून वर अशी आहेत : पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. म्हणजे हा रस्ता चढणारा प्रवासी, त्याला ठाऊक असो वा नसो, जगभरच्या शोधनिबंधांत नमूद असलेल्या क्रमानेच लाव्हाच्या थरांमागून थर ओलांडीत असतो. पोलादपूरच्या उपाहारगृहात मिसळ खाणाऱ्या किती जणांना ही बातमी असेल? प्राध्यापकांनी एका वळणावर गाडी थांबवून रस्त्यालगतच्या छेदातील विटकरी रंगाची, हात-दीड हात जाडीची पट्टी दाखविली. एक लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून त्याची माती झाली, आणि पुढच्या तप्त लोटाने ती भाजून काढली. कातळ म्हणजे घटना, ही लाल पट्टी म्हणजे दोन घटनांमधला अवकाश. आणि इतिहास लिहिणाऱ्यांनी अवकाशाकडे दुर्लक्ष करू नये, असे ते म्हणाले. सारथ्याने त्यांना गाडीत बसण्याची विनंती केली, कारण मागे एसटी येऊन उभी होती.

याच घाटाच्या अंगावर प्रतापगड आहे. १६५६ मध्ये जावळी हस्तगत झाल्यावर पारघाटाच्या रहदारीवर नजर राहावी म्हणून मोरोपंत पिंगळ्यांकरवी तो बांधविण्यात आला, आणि १६५९ मध्ये अफझलखान वाईहून उतरून त्याच्या पायथ्याशी आला. खानाचा पराभव भेटीच्या शामियान्यात झाला असे आपण शिकतो. परंतु हत्ती, उंट आणि अवजड सरंजाम घेऊन रडतोंडीच्या घाटाने जावळीच्या अरण्यात उतरण्यास तो कबूल झाला, तेव्हाच अर्धे काम झाले होते. आजच्या मोटाररस्त्याला इंग्रजांनी, १८६७ ते १८७२ या काळात गव्हर्नर असलेल्या फिट्झजेराल्डचे नाव दिले होते. लोकांनी ते ठेवले नाही, आणि त्याबद्दल कोणास खेद वाटल्याचे मी ऐकलेले नाही.

महाबळेश्वरला आम्ही बाजारात न रेंगाळता क्षेत्र महाबळेश्वराकडे गेलो. येथून कृष्णा पूर्वेस निघते. अरबी समुद्र सरळ रेषेत अवघा पासष्ट किलोमीटर दूर असताना त्याच्याकडे पाठ फिरवून ती सुमारे चौदाशे किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री मात्र पश्चिमेस उडी घेते. दोघींच्या उगमाचा डोंगर एक, पाऊस एक. त्या पावसाचेही नवल असे की, येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पडणारा हा पाऊस पसरणी घाट उतरून वाईस पोचेपर्यंत हजाराच्या आत येतो.

कुंभार्ली घाटाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे पाहण्यासारखे जे आहे त्यातील बरेचसे दिसत नाही. निसर्गाने पूर्वेस धाडलेली कोयना माणसाने १०३ मीटर उंचीच्या धरणाने अडविली आणि तिचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस वळवून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरविले. तेथून ते वाशिष्ठीच्या वाटेने चिपळूणकडे जाते. घाटरस्त्यावर मोटार वळणे घेत असते तेव्हा त्याच डोंगरातून एक नदी सरळ खाली कोसळत असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे येथे झालेल्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे दगावली, आणि जलाशयामुळे भूकंपास चालना मिळते काय, या प्रश्नाच्या जागतिक चर्चेत कोयनेचे नाव कायमचे नोंदले गेले. कातळाचा निर्णय ओळखणे एक आणि तो फिरविणे दुसरे.

हा दुसरा प्रकार अलीकडे रस्त्यांच्या बाबतीतही होऊ लागला आहे, आणि या लेखाचे प्रयोजन तेच आहे. ३० जुलै २०१४ रोजी भीमाशंकरच्या बाजूस माळीण गाव डोंगराखाली गेले. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्या सुमारास महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि आंबेनळी घाट जागोजाग खचून बंद पडला. अशा अतिवृष्टीचा दोष कोणा अधिकाऱ्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. परंतु कातळावर बसलेल्या सैल मातीच्या उताराचा पायथा रुंदीकरणासाठी उभा कापला, पाण्याच्या जुन्या ओघळी राडारोड्याने बुजविल्या, आणि लाल मातीच्या थरावर अडलेल्या पाण्यास बाहेर पडण्याची तजवीज ठेवली नाही, म्हणजे तो उतार पुढच्या श्रावणाची वाट पाहत बसतो, हे समजण्यास भूशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्यास विनंती अशी की, घाटाचे कोणतेही वळण सरळ करण्यापूर्वी त्या उताराचा भूशास्त्रीय अहवाल मागवावा, तो लोकांपुढे ठेवावा, आणि जेथे तो प्रतिकूल असेल तेथे दहा मिनिटे उशिरा पोचण्याचा हक्क आम्हांस द्यावा. शिवाय जे रस्त्यालगतचे छेद सुरक्षित आहेत, त्यांतील निदान एक-दोन सिमेंटने न लिंपता उघडे ठेवून तेथे थराचे नाव व वय सांगणारी मराठी पाटी लावावी. देखाव्याच्या जागा दाखविणाऱ्या पाट्यांहून तिला खर्च अधिक येणार नाही. वाचकांस एवढेच सांगणे की, पुणे आणि सातारा जिल्ह्यांची गॅझेटिअरे १८८५ मधली व कुलाब्याचे १८८३ मधले आहे, आणि ती आज घरबसल्या वाचता येतात. त्यांतील घाटांची प्रकरणे आधी वाचावीत आणि मग मित्रांना हाक द्यावी. पण आषाढात नव्हे, दसऱ्यानंतर, आणि दिवसाउजेडी.