न्यूमोनिया बरा झाला, मग दम का लागतो? समजून घ्या फुफ्फुसाची ‘दुरुस्ती’

रिपोर्ट निगेटिव्ह आला, ताप गेला, पण दोन जिने चढले की धाप लागते. कोव्हिडनंतर हे अनेकांनी अनुभवलं. विषाणू गेला, मग त्रास कसला?

दरवेळी कारण फुफ्फुसातच असतं असं नाही. अशक्तपणा असू शकतो, हृदयाचा त्रासही असू शकतो. पण आजार गंभीर झाला असेल, तर प्रश्न दुरुस्तीचाही असू शकतो.

आपल्या फुफ्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश, म्हणजे हवेचे इवलेसे फुगे असतात. त्यांच्या भिंतीत मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात. ‘टाइप १’ अतिशय पातळ आणि पसरट. भिंतीचा सुमारे ९५ टक्के भाग त्या व्यापतात आणि ऑक्सिजन त्यांच्यातूनच रक्तात जातो. ‘टाइप २’ फुगे मिटू नयेत म्हणून साबणासारखा एक पदार्थ तयार करतात. टाइप १ मेल्या की याच टाइप २ वाढतात आणि रूप बदलून त्यांची जागा घेतात. थोडक्यात, दुरुस्तीचं कंत्राट त्यांच्याकडे.

आता दाह कुठे येतो? संसर्ग झाला की रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन नावाचे रासायनिक निरोप सोडतात. रक्तवाहिन्या पाझरतात, वायुकोशांत पाणी भरतं. म्हणून दाह म्हणजे खलनायक असं आपण धरून चालतो. पण २०२० मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांना उंदरांमध्ये वेगळंच दिसलं. इंटरल्युकिन-१ बीटा हाच निरोप टाइप २ पेशींना ‘कामाला लागा’ असं सांगतो. मात्र तो थांबलाच नाही, तर पेशी अर्ध्या वाटेवर अडकतात. धड टाइप २ नाहीत, धड टाइप १ नाहीत!

अशाच अडकलेल्या पेशी फायब्रोसिसच्या रुग्णांच्या फुफ्फुसांतही सापडल्या आहेत. तिथे कोलॅजेन साचत जातं, फुफ्फुस कडक होतं.

म्हणजे दाह किती आणि केव्हा, यावर सगळं अवलंबून. डेक्सामेथासोन आठवतंय? जून २०२०मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी केले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. तरी २०२१च्या लाटेत आपल्याकडे सौम्य आजारातही स्टेरॉइड सर्रास दिली गेली. महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस वाढण्यामागे अनियंत्रित मधुमेहासोबत हेही एक कारण मानलं गेलं.

फायब्रोसिससाठी पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब ही औषधं आहेत. ती व्रण वाढण्याचा वेग कमी करतात, झालेला व्रण पुसत नाहीत. अडकलेल्या पेशीला पुढे ढकलणारं औषध अजून नेहमीच्या उपचारात आलेलं नाही.