मोडलेलें हाड व काळानिळा हात

घरांत कोणाचें हाड मोडलें म्हणजे दोन गोष्टींची उणीव कधींच भासत नाहीं. एक भीतीची व दुसरी सल्ल्याची. मोडलेलें हाड डोळ्यांना दिसत नाहीं. दिसतो तो काळानिळा पडलेला हात. त्यामुळें घरच्या मंडळींची सारी चिंता त्या रंगाभोंवतीं फिरत राहते. हा रंग कशाचा, तो केव्हां निरुपद्रवी व केव्हां घातक, आणि तो लवकर ओसरावा म्हणून काय करावें व काय करूं नये, एवढें ज्ञान प्रत्येक कुटुंबांत असलें पाहिजे, असें आम्हांस एका प्रसंगानें प्रकर्षानें वाटलें.

आमच्या भावजयबाई, वय वर्षें ५८, एके सकाळीं न्हाणीघरांत साबणाच्या पाण्यावरून घसरल्या. पडतांना हात पुढें टेकला आणि मनगट पळीच्या मानेसारखें वांकलें. डब्लिन येथील शस्त्रवैद्य अब्राहम कॉलिस यांनीं १८१४ सालीं ज्या मोडीचें वर्णन केलें, तीच ही. त्या क्षणीं आमच्या घरानें पहिली चूक केली. हातांतील बांगड्या व बोटांतील अंगठी तत्काळ उतरवावयास हवी होती. परंतु सौभाग्याचें लेणें असें घाईनें काढूं नये, यावर वडीलधाऱ्या बायकांचें एकमत झालें. तासाभरांत बोट सुजलें आणि रुग्णालयांत ती अंगठी कापूनच काढावी लागली. लेणें पुन्हां घालतां येतें; रक्त तुटलेलें बोट पुन्हां मिळत नाहीं, हें त्या दिवशीं सर्वांस पटलें.

अशा वेळीं हात ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करूं नये. जसा आहे तसाच त्यास आधार द्यावा. या मासिकाचा एखादा जुना अंक हाताखालीं धरून उपरण्यानें गळ्यांत अडकविला तरी काम भागतें. चहा पाजण्याची घाईही नको. हाड बसविण्यासाठीं भूल द्यावी लागल्यास पोट रिकामें असणें हिताचें.

प्लास्टर घालून झालें. तिसऱ्या दिवशीं रात्रीं पाहतों तों बोटें काळीं व कोपराची आंतली बाजू जांभळी! घर जागें झालें. प्लास्टर कापून टाकावें, असें एकानें सुचविलें. तेल गरम करून चोळावें, असें दुसऱ्यानें. सुदैवानें आमच्या पुतण्यास परीक्षा ठाऊक होती. त्यानें नख दाबून सोडलें; पांढरें झालेलें नख दोन सेकंदांच्या आंत गुलाबी झालें. बोटें ऊन होतीं, हलत होतीं, स्पर्श कळत होता, ठणकाही वाढला नव्हता. म्हणजे हा रंग केवळ सांडलेल्या रक्ताचा होता. सकाळीं डॉक्टरांनींही तेंच सांगितलें.

हाड मोडतांना त्यांतील व भोंवतालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. तें रक्त मांसाच्या थरांतून वाट काढीत, उताराच्या दिशेनें, एक-दोन दिवसांनीं त्वचेखालीं येतें. म्हणून मार मनगटास व डाग कोपरास, असें घडतें. पुढें शरीर त्या रक्ताचें विघटन करतें. जांभळ्याचा हिरवा व हिरव्याचा पिवळा रंग होतो. हा पिवळा रंग काविळींत डोळ्यांस येणाऱ्या रंगाचाच होय. बहुधा दोन-तीन आठवड्यांत, वृद्धांस थोडा अधिक काळ लागून, तो आपोआप जातो.

परंतु दुसराही एक काळेपणा आहे, आणि तो आम्हीं शाळेंत पाहिलेला आहे. आमच्या वर्गांतील एका मुलाचा हात मोडला असतां गांवांतील कोणी कामट्या घालून आवळून बांधला. मुलगा रात्रभर रडला. हाड बसतांना दुखायचेंच, म्हणून कोणी पट्टी सोडली नाहीं. हाड जुळलें, पण बोटें कायमचीं आंत वळलीं. पुढें तो डाव्या हातानें लिहावयास शिकला. या विकृतीचें कारण जर्मन शस्त्रवैद्य फोल्कमान यांनीं १८८१ सालीं विशद केलें. रक्तपुरवठा तुटल्यास कांहीं तासांतच स्नायु मरूं लागतात. वस्तुतः हा इशारा आपल्याकडे फार जुना आहे. पट्टी सैल असल्यास सांधा स्थिर होत नाहीं, व घट्ट असल्यास सूज, वेदना व पाक होतो, म्हणून ती मध्यम बांधावी, असें सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांतील भग्नप्रकरणांत स्पष्ट सांगितलें आहे. वेदना क्षणोक्षणीं वाढत असेल, बोटें सरळ करतांच असह्य कळ येत असेल, मुंग्या वा बधिरता असेल, बोटें थंड, पांढरीं किंवा निळीं पडलीं असतील, तर सकाळची वाट न पाहतां त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

सूज व डाग कमी ठेवण्याचे उपाय साधे आहेत. पहिले दोन-तीन दिवस हात उशांवर, छातीच्या पातळीहून उंच ठेवावा. बर्फ कापडांत गुंडाळून १५ ते २० मिनिटें लावावा व दोन-तीन तासांनीं पुन्हां लावावा. तो उघड्या त्वचेस लावूं नये व प्लास्टर भिजूं देऊं नये. बोटें दर तासास उघडावीं-मिटावीं. खांदा व कोपरही हलवीत राहावें. या दिवसांत शेक, तेल व चोळणें वर्ज्य. त्यानें रक्त अधिक सांडतें. आंबेहळदीचा लेप मुक्या मारास आजीबाईंनीं खुशाल लावावा, पण प्लास्टराच्या आंत वा जखमेवर नव्हे. रक्त पातळ करणारीं औषधें चालू असल्यास तीं डॉक्टरांस सांगावीं. आपल्या मनानें बंद करूं नयेत.

हाड जुळण्यास किती काळ लागतो? सुश्रुतानें बाल्यांत एक महिना, मध्यम वयांत दोन व उतारवयांत तीन, असा हिशेब दिला आहे. आज मनगटाचें प्लास्टर बहुधा पांच-सहा आठवड्यांनीं काढतात. मात्र पकड पूर्ववत् होण्यास कित्येक महिने लागतात, हें ध्यानांत ठेवून रुग्णानें निराश होऊं नये. आहारांत दूध, ताक, डाळी, उसळी, नाचणी व तीळ असावे. आवळा व पेरू यांतील क जीवनसत्त्वही उपयोगी पडतें. अशक्तपणाच्या नांवाखालीं नुसती पेज देत राहणें हें प्रेम असलें तरी पथ्य नव्हे. तंबाखू, मग ती विडीची असो वा तपकिरीची, हाडाच्या जुळणीची वैरीण आहे.

शेवटचें सांगणें असें. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणें हा केवळ अपघात नसून हाडें ठिसूळ झाल्याचा निरोप असूं शकतो. तो ऐकून अस्थिघनतेची तपासणी करून घ्यावी, नाहीं तर पुढील पाळी खुब्याच्या हाडाची येते. आमच्या न्हाणीघरांत आतां भिंतीस धरावयास दांडा बसविला आहे व खालीं खडबडीत फरशी आहे. हें भावजयबाई पडण्यापूर्वीं सुचलें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारणच पडलें नसतें. वाचकांनीं तरी आधीं दांडा बसवावा. इत्यलम्.