दहाच्या नाण्याचं काचेचं जुळं

ज्यांना बसच्या आवाजात नीट ऐकू येत नाही किंवा ज्यांचे इअरबड्स कायम चार्जिंगलाच असतात, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेलं पाल्हाळ कापलंय, आकडे मात्र सगळे ठेवलेत.

आजचा प्रश्न एका ओळीचा आहे: "नाणं पाण्यात विरघळवायच्या जादूला लागणारी काचेची चकती कुठे मिळते?" उत्तरही एका ओळीचं आहे. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे. पण तिथे जाऊन नेमकं काय मागायचं हे माहीत नसेल, तर हात हलवत परत याल. म्हणून हा सगळा भाग.

[००:५०] जादू काय, चकती कशाला

आधी जादू थोडक्यात. प्रेक्षकाकडून दहाचं नाणं मागून घ्यायचं आणि रुमालाखाली धरायचं. रुमालावरूनच ते प्रेक्षकाच्या चिमटीत द्यायचं आणि पाण्याच्या ग्लासवर हात धरायला सांगायचं. "सोडा." टिण्ण! नाणं पाण्यात पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. रुमाल काढला, तर ग्लासात फक्त पाणी. नाणं तुमच्या खिशातून, वहीतून, कुठूनही निघू शकतं.

प्रेक्षकाच्या चिमटीत गेलं ते नाणं नव्हतंच. रुमालाखाली अदलाबदल झाली आणि त्याच्या हातात आली नाण्याएवढी काचेची चकती. ती पाण्यात पडली आणि दिसेनाशी झाली. १९ व्या शतकातल्या इंग्रजी जादूच्या पुस्तकांतही ही युक्ती आहे, म्हणजे मी कुणाचं गुपित फोडत नाहीये. गंमत अशी, की इथे खोटं नाणं प्रेक्षकाच्याच बोटांत असतं आणि ते खरं असल्याची ग्वाही तोच देतो. त्यामुळे चकती त्याच्या बोटांना पटली पाहिजे, कानाला पटली पाहिजे आणि डोळ्याला दिसता कामा नये.

आम्ही सॉफ्टवेअरवाले कोड लिहिण्याआधी रिक्वायरमेंट लिहितो. इथे त्या तीनच आहेत: बोट, कान, डोळा.

[०२:३०] बोट: मापाचा घोळ

ऑनलाइन मिळणाऱ्या चकत्या बऱ्याचदा परदेशी नाण्यांच्या मापाच्या असतात. अमेरिकेचा अर्धा डॉलर ३०.६ मिमी व्यासाचा आहे. आपलं दहाचं नाणं २७ मिमी. साडेतीन मिमीचा फरक डोळ्याला कळणार नाही कदाचित, पण चिमटीला लगेच कळतो.

मग आपलं कोणतं नाणं घ्यायचं? पाचचं घेतलं तर अडचण आहे. २०११ च्या मालिकेतलं पाचचं नाणं २३ मिमी आहे आणि २०१९ च्या मालिकेतलं २५ मिमी. प्रेक्षक खिशातून कोणतं काढेल, सांगता येत नाही. दोनच्या नाण्याचं उलटं, आधी २५ आणि नंतर २३. वीसचं नाणं २७ मिमीचंच आहे, पण त्याला बारा बाजू आहेत. त्याचे कोपरे बोटाला लागतात.

दहाचं सगळ्यात सोयीचं. बाहेर पिवळं कडं आणि आत पांढरा भाग असलेलं हे नाणं. मध्यंतरी काही दुकानदार 'हे चालत नाही' म्हणून नाकारायचे, तेव्हा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की सगळी १४ डिझाइन्स वैध आहेत. आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की डिझाइन कितीही बदलो, व्यास २७ मिमीच राहतो. जाडी पावणेदोन मिमीच्या आसपास.

म्हणून माप लिहून ठेवा: व्यास २७ मिमी, जाडी दीड ते दोन मिमी. अर्धा मिमी कमी चालेल, जास्त नको.

वजनाचं काय? काचेची घनता साधारण २.५ धरली तर २७ मिमी व्यासाची आणि २ मिमी जाड चकती २.९ ग्रॅमच्या आसपास भरते. नाणं पावणेआठ ग्रॅमच्या जवळपास आहे. फरक मोठा वाटतो, पण प्रेक्षक ती तळहातावर तोलत नाही, रुमालावरून कडेने धरतो. त्याच्या बोटांना कळते ती गोलाई आणि जाडी. चकती कधीही त्याच्या तळहातावर ठेवू नका, एवढं पाळलं की झालं.

[०४:४०] डोळा: दहावीचं विज्ञान

काच पाण्यात का दिसत नाही? दहावीला 'प्रकाशाचे अपवर्तन' धडा होता, आठवतोय? काच पारदर्शक असते हे अर्धंच उत्तर झालं, कारण टेबलावर ठेवलेली काच आपल्याला व्यवस्थित दिसते. ती दिसते तिच्या पृष्ठभागावरून परत फिरणाऱ्या प्रकाशामुळे आणि कडेपाशी वाकणाऱ्या प्रकाशामुळे. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकात जेवढा फरक जास्त, तेवढा प्रकाश जास्त परत फिरतो.

हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि साध्या काचेचा १.५ च्या आसपास. हवेतल्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत येतो. तीच काच पाण्यात टाकली की अर्धा टक्कासुद्धा येत नाही. चकाकी जवळजवळ दहापट कमी होते.

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. महागड्या घड्याळांना सफायर काच असते. तिचा अपवर्तनांक १.७७. पाण्यातही ती २ टक्के प्रकाश परत पाठवते, म्हणजे साध्या काचेच्या चारपाच पट. या जादूत महाग काच जास्त दिसते! दुकानदार 'भारीतली देऊ का' म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा.

पृष्ठभाग लपला तरी कड उरतेच. डोळा वस्तू ओळखतो ती कडा आणि सावली यांवरून. हे पटवून घ्यायचं असेल तर चाळीसगाव स्टेशनजवळच्या केकी मूस यांच्या घरी जाऊन या. तिथे आता त्यांचं कलासंग्रहालय आहे. कलामहर्षी मूस (१९१२–१९८९) अनेक दशकं त्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत, आणि टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंच्या फोटोंतून त्यांनी भलतीच दृश्यं उभी केली. प्रकाश कुठून टाकायचा आणि कोणती कड लपवायची, सगळा खेळ तोच. आपण एका ग्लासात तेच करतोय.

म्हणून ग्लास जाड बुडाचा घ्या, आतलं बूड सपाट आणि चकतीपेक्षा थोडंसंच मोठं हवं. बुडाच्या बाहेरून नक्षी असेल तर सोन्याहून पिवळं, कड तिच्यात हरवते. पाणी थोडा वेळ आधी भरून ठेवा म्हणजे बुडबुडे निघून जातील. चकतीखाली अडकलेला एक बुडबुडा चांदीसारखा चमकतो. सोडा तर अजिबात नको. आणि चकती आधी पुसून घ्या, बोटांचा तेलकट ठसा पाण्यातही दिसतो.

[०७:१०] कान: टिण्ण की टप्प

काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक चालेल का? डोळ्याच्या परीक्षेत ते पास होतं, कारण अपवर्तनांक १.४९. बोटाच्या परीक्षेतही पास, कारण नंबरप्लेट आणि बोर्ड बनवणारे लेझरवर हव्या त्या मापाची गोल चकती कापून देतात. नापास होतं ते कानाच्या परीक्षेत. त्याची घनता १.१८, म्हणजे काचेच्या निम्म्याहून कमी, आणि मटेरियलही मऊ. काच काचेवर पडली की टिण्ण वाजते, अ‍ॅक्रिलिक टप्प.

विश्वास बसत नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. ग्लासात एकदा नाणं, एकदा काच, एकदा अ‍ॅक्रिलिक टाका आणि मित्राला न सांगता ऐकवा. सरावासाठी मात्र अ‍ॅक्रिलिकच घ्या, पडलं तरी फुटत नाही.

[०८:२०] आता दुकानात चला

पहिला पर्याय, घड्याळ दुरुस्तीवाला. घड्याळाच्या गोल काचा मिलीमीटरच्या मापाने येतात, अर्ध्या-अर्ध्या मिमीच्या फरकाने. म्हणजे आपल्याला हवी ती वस्तू कारखान्यातून कडा घासून आधीच तयार आहे! वाक्य असं म्हणा: "सपाट मिनरल काच, सत्तावीस मिमी, जाडी दीड किंवा दोन." फुगीर काच नको, ती भिंगासारखं काम करते आणि बुडाला चिकटून बसत नाही. प्लॅस्टिकची नको. दहाचं नाणं सोबत न्या, काचेवर ठेवून बघा, आणि कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर ती काच नको.

एक सांगतो. हातात मोबाइल आल्यापासून घड्याळं दुरुस्तीला येणं कमी झालंय. ज्या काकांकडे डबीडबीत मापाप्रमाणे काचा लावून ठेवलेल्या आहेत, त्यांच्याकडे आत्ताच जा. दुकान बंद झालं की ती डबी भंगारात जाते. आणि फक्त काच घेऊन पळू नका. माप कसं घेतात, कड कशी बघतात, हे विचारा. हे कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही.

दुसरा पर्याय, काचवाला. फोटो फ्रेमची २ मिमी काच त्याच्याकडे असते, पण हिऱ्याने एवढा छोटा गोल कापणं अवघड. काचेला भोकं पाडायचा डायमंड बिट असेल तर भोकातून निघणारा गोल तुकडा मागा. बिटाच्या मापातून दोन्ही बाजूंची भिंत वजा करायची. ३० मिमीचा बिट आणि १ मिमी भिंत असेल तर चकती साधारण २८ ची. मग ती घासून २७ वर आणायची. बिटाला मधोमध पायलट नको, नाहीतर चकतीलाच भोक पडेल.

घासताना वॉटर पेपर वापरा आणि काच कायम ओली ठेवा. कोरड्या काचेची धूळ फुप्फुसात जाते आणि ती तिथून सहज निघत नाही. डोळ्यांना चष्मा हवा. लहान भावंडांना हे काम देऊ नका.

[११:००] दोन गोष्टी, ज्यात तडजोड नाही

एक: ते पाणी कुणालाही पिऊ देऊ नका. जादू छान झाली की एखादं पोरगं ग्लास तोंडाला लावतंच, आणि त्यात न दिसणारी काच आहे. प्रयोग संपला की ग्लास स्वतः उचला. पाणी हळू ओतलं तर चकती बहुतेक वेळा बुडालाच चिकटून राहते, पण 'बहुतेक'वर कुणाचा घसा पणाला लावायचा नाही.

दोन: हेच पाणी कुणी 'मंतरलेलं' म्हणून विकू शकतो. १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव असे 'चमत्कार' करून दाखवतात आणि मग त्यामागचं कारण सांगतात. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आपण रहस्य सांगितलं नाही तरी चालेल, पण ही हातचलाखी आहे हे सांगायचंच.

आणि नाण्याला हात लावू नका. नाणं कापणं, वितळवणं २०११ च्या नाणे कायद्यात गुन्हा आहे. चकतीचा हाही एक फायदा, खरं नाणं जसंच्या तसं मालकाला परत जातं.

या आठवड्याचा गृहपाठ: दहाचं एक नाणं खिशात टाका, जवळचं घड्याळाचं दुकान गाठा आणि टिण्णचं रेकॉर्डिंग आम्हाला पाठवा. सगळ्यात खरं वाटणारं टिण्ण पुढच्या भागात वाजवू. तोवर, भेटू या भो!