दोष वडापावचा की आजोबांचा?

ऑफिसचं वार्षिक हेल्थ चेकअप. रिपोर्ट येतो. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९५! आपण जाहीर करून टाकतो, 'उद्यापासून वडापाव बंद!' आणि रिपोर्ट जातो ड्रॉवरमध्ये. पण थांबा. दोष वडापावचा नसेलही. कदाचित हा आकडा तुम्हाला आजोबांकडून आला असेल, नाकासारखाच!

या वारशाचं नाव आहे फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया. जीभ अडखळते ना? आपण एफएच म्हणू. रक्तातलं एलडीएल उचलून घेणं हे यकृताचं काम. एफएचमध्ये जन्मतःच जीनमध्ये बिघाड असतो, त्यामुळे ते जमत नाही आणि रक्तवाहिन्यांत लहानपणापासून थर साचत जातो. साधारण २५० माणसांत एकाला हा त्रास असतो. आई किंवा बाबांना असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के. मग तुम्ही सडपातळ असा, नाहीतर रोज जिमला जा! उपचार झाले नाहीत, तर अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आतच हृदयविकार गाठतो.

गोळ्या आहेत, स्वस्तही आहेत. पहिलं स्टॅटिन बाजारात आलं १९८७ मध्ये. अडतं कुठे? निदानात! अमेरिकेतही बहुतेक रुग्णांना आपल्याला एफएच आहे याचा पत्ताच नसतो. कॅथरीन विलमन यांना ३९व्या वर्षी हार्ट अटॅक आला आणि खरं कारण कळलं ते त्यानंतर. त्यांनीच २०११ मध्ये एफएच फाउंडेशन काढलं.

कॉम्प्युटर फायली वाचतो

खरं तर पुरावा फायलीतच असतो. एका कागदावर एलडीएल, दुसऱ्यावर औषधांची चिठ्ठी, तिसऱ्यावर छातीत दुखल्याची नोंद. हे तुकडे जोडायला वेळ कुणाला आहे? स्टॅनफर्डच्या टीमनं ते काम मशीन लर्निंगला दिलं. एफएच असलेल्या १९७ जणांच्या आणि नसलेल्या ६,५९० जणांच्या नोंदी दाखवून कॉम्प्युटरला शिकवलं. मग गेइसिंगर या दुसऱ्या रुग्णालय-समूहाच्या नोंदींवर परीक्षा घेतली. तिथे त्यानं बोट दाखवलेल्या दर शंभरातले ८५ जण खरोखर एफएचचे निघाले!

२०१९ मध्येच 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये याहून मोठा प्रयोग आला. फाउंडेशनच्या मॉडेलनं अमेरिकेतल्या १७ कोटी लोकांच्या नोंदी चाळल्या आणि सुमारे १३ लाख जणांवर खूण केली. तज्ज्ञांनी त्यातल्या काही फायली तपासल्या, तेव्हा ८७ टक्क्यांच्या बाबतीत संशय रास्त वाटला.

पण फोन कोण करणार?

मेख इथेच आहे. त्या १७ कोटी नोंदींत गुप्ततेसाठी नावंच नव्हती. खूण झाली, पण माणूस कोण? ज्या रुग्णालयाकडे नाव-पत्ता आहे, तिथल्या डॉक्टरनंच फोन उचलायला हवा. शिवाय मशीन फक्त संशय सांगतं, निदान डॉक्टरच करणार. आणि एक रुग्ण सापडला, की त्याची भावंडं, मुलं, आई-बाबा, सगळ्यांना तपासायला हवं. एका फोनमागे अख्खं कुटुंब उभं असतं, बॉस!

तुमच्या ड्रॉवरला मात्र कॉम्प्युटरची गरज नाही. तो रिपोर्ट काढा. एलडीएल १९०च्या वर आहे? मग डॉक्टरांना गाठा. त्याआधी आईला एक फोन करा आणि विचारा, 'मामा इतक्या लवकर कशानं गेला गं?'