रोबोत कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी? बोर्ड घेण्याआधी हे वाचा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की शाळा-कॉलेजातली पोरं रोबो बनवायला बसतात. चाकं, मोटर, बॅटरी जमते. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटरही मागवला जातो. पण त्यात ऑपरेटिंग सिस्टीम कोणती टाकायची, इथं गाडी अडते. चुकीची टाकली तर बोर्ड चालूच होत नाही आणि पोरांना वाटतं, बोर्डच खराब निघाला.

मोबाईलमध्ये जसं अँड्रॉईड, तशी या बोर्डाला सिस्टीम लागते. ती मेमरी कार्डावर टाकतात. 'रास्पबेरी पाय इमेजर' हे फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतलं की काम होतं. सिस्टीमलाही पैसे पडत नाहीत.

साधा रोबो असेल तर

रेषेवरून चालणारा किंवा मोबाईलवरून फिरवायचा रोबो असेल तर 'रास्पबेरी पाय ओएस' पुरते. कॅमेरा आणि पिना तिच्यावर कमी खटपटीत चालतात.

नकाशा काढून स्वतः फिरणारा रोबो

यासाठी 'रॉस २' हा तयार प्रोग्रामचा संच वापरतात. तो उबुंटूवर सहज बसतो. रास्पबेरी पाय ओएसवर त्याची तयार पॅकेजं मिळत नाहीत, सगळं स्वतः जुळवत बसावं लागतं.

फसगत इथं होते

रॉस २ ची प्रत्येक आवृत्ती ठरावीक उबुंटूसाठी असते. 'हंबल' उबुंटू 22.04 साठी आहे, तिला मे 2027 पर्यंत सुधारणा मिळणार. 'जॅझी' 24.04 साठी आहे, ती मे 2029 पर्यंत. आता रास्पबेरी पाय 5 वर 22.04 चालत नाही. जुना व्हिडिओ बघून ती टाकली की दोन दिवस वाया जातात. पाय 5 असेल तर 24.04 आणि जॅझी घ्यावी. पाय 4 वर दोन्ही चालतात. मात्र सिस्टीम 64 बिटचीच हवी.

रॅम 2 जीबी असेल तर उबुंटूची 'सर्व्हर' आवृत्ती टाकावी. तिच्यात स्क्रीनवरचा पसारा नसतो. लॅपटॉपवरून वायफायने हुकूम देता येतात.

हेही ध्यानात ठेवा

लिनक्स एकाच वेळी अनेक कामं करतं, त्यामुळे मोटरला हुकूम कधी क्षणभर उशिरा पोचतो. म्हणून मोटरचं काम आर्डुइनो किंवा पायको अशा छोट्या बोर्डाकडे द्यावं.

चालू रोबोची बॅटरी एकदम काढू नये. आधी सिस्टीम बंद करावी, नाहीतर कार्डावरचं सगळं बिघडू शकतं. सगळं जमलं की कार्डाची एक नक्कल काढून ठेवावी. प्रदर्शनाच्या दिवशी कार्ड गेलं तरी रोबो उभा राहतो.

थोडक्यात, आधी रोबोचं काम ठरवा, मग रॉसची आवृत्ती, मग उबुंटू आणि शेवटी बोर्ड. उलट्या क्रमानं गेलं की पैसा आणि वेळ दोन्ही जातात.